पॉइंट टू-टू सेमी-ऑटोमॅटिक रायफल: सुटे भाग मागवण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हौसेसाठी घेतलेली, आधी दुसऱ्या कोणाच्या हातात राहिलेली .२२ ची (म्हणजे ०.२२ इंची) सेमी-ऑटोमॅटिक रायफल आहे, रूगर कंपनीच्या १०/२२ या रायफलीच्या घडणीची. दर मॅगझीनमागे एखादी पुंगळी, म्हणजे झाडलेल्या काडतुसाचं रिकामं कवच, बाहेर पडता पडता यंत्राच्या बाजूच्या खिडकीत उभी अडकते. पन्नास मीटरवर गोळ्या चहाच्या बशीएवढ्या जागेत विखुरतात. आणि तुम्ही जाड नळी, हलका ट्रिगर, पॉलिमरचा बफर आणि नवा दस्ता अशी यादी करून विचारताय, की यातलं आधी काय घेऊ?

आज काहीच घेऊ नका. तुमच्या दोन तक्रारी आहेत आणि त्या एकमेकींच्या सख्ख्या नाहीत. पुंगळी अडकणं हा मळ, मॅगझीन आणि काडतूस यांचा मामला असतो. गोळ्या विखुरणं हा बहुतेक वेळा स्क्रू, दुर्बीण आणि पुन्हा काडतूस यांचा. तुमच्या यादीतल्या चारही वस्तू एकदम बसवल्यात तर कदाचित रायफल सुधारेल, पण कशाने सुधारली ते कधीच कळणार नाही, आणि पुढच्या वेळी बिघडली की पुन्हा अंधारात चाचपडणं आलं. हे मी शहाणपणाने सांगत नाही. मी स्वतः एका हिवाळ्यात नळी, ट्रिगर आणि दुर्बिणीचे माउंट एकाच आठवड्यात बदलले होते. ग्रुप, म्हणजे कागदावरच्या भोकांचा पसारा, आधीपेक्षा मोठा आला. मग तीन महिने मी नळीला दोष देत होतो. दोष माउंटच्या एका स्क्रूचा निघाला.

एक गोष्ट आधीच सांगतो. कोणताही भाग बदलण्याआधी तुमच्या परवान्याच्या अटी वाचा आणि शंका असेल तर परवाना देणाऱ्यांना लेखी विचारा. काही ठिकाणी नळी हा साधा सुटा भाग असतो, तर काही ठिकाणी तीच स्वतंत्र हत्यार म्हणून मोजली जाते. रिसीव्हरवर, म्हणजे यंत्र ज्यात बसतं त्या मुख्य सांगाड्यावर, नंबर असतो, त्यामुळे त्यावर छिद्र पाडणं, घासणं असले उद्योग तर नकोच.

आता ही रायफल चालते कशी ते पाहू, कारण ते कळलं की अर्धं निदान आपोआप होतं. नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसायची जागा ती चेंबर, आणि तिचं तोंड बंद करणारा मागेपुढे सरकणारा ठोकळा तो बोल्ट. मोठ्या काडतुसांच्या रायफलीत बोल्टला कडी लागते, तो चेंबरशी कुलूपबंद होतो. .२२ लाँग रायफल या काडतुसाचा दाब त्या मानाने कमी, कमाल २४,००० पीएसआयच्या (दर चौरस इंचाला पौंड) आसपास. म्हणून इथे कुलूपच नसतं. बोल्ट नुसत्या वजनावर आणि मागच्या स्प्रिंगवर चेंबरचं तोंड दाबून धरतो. गोळी सुटली की तोच दाब पुंगळीला मागे ढकलतो, पुंगळी बोल्टला ढकलते. बोल्ट जड असल्यामुळे तो हलायला किंचित वेळ घेतो आणि तेवढ्यात गोळी नळीतून निघून गेलेली असते. मग बोल्ट मागे जातो, एक्स्ट्रॅक्टरची नखी पुंगळीची कड धरून ठेवते, पुंगळी इजेक्टरवर आपटते आणि बाहेर उडते. बोल्ट परत येताना पुढचं काडतूस घेऊन येतो. याला ब्लोबॅक म्हणतात.

म्हणजे सगळं गणित एका छोट्या धक्क्यावर आहे. काडतूस कमजोर असेल तर धक्का कमी. चेंबर चिकट असेल तर पुंगळी सुटायलाच धक्क्यातला मोठा वाटा जातो. बोल्टच्या वाटेवर काळा चिकटा असेल तर उरलेला तिथे जिरतो. नखीखाली घाण असेल तर पुंगळी मध्येच हातातून सुटते. यातलं काहीही झालं की पुंगळी पुरेशी लवकर बाहेर पडत नाही आणि परत येणारा बोल्ट तिला खिडकीत चिमटीत धरतो. तुमच्याकडे दिसतं ते हेच.

आणि .२२ इतकी मळते का? कारण तिची गोळी बहुधा उघड्या शिशाची असते आणि तिच्या अंगाला बाहेरून मेण किंवा वंगण लावलेलं असतं. गोळी पुंगळीच्या व्यासाइतकीच जाड, फक्त तिची टाच बारीक करून पुंगळीत बसवलेली, त्यामुळे वंगण आत लपवायला जागा नाही. ते मेण, न जळलेली दारू, शिशाचे कण आणि कडेतल्या प्राइमरची, म्हणजे ठिणगी देणाऱ्या मसाल्याची, राख असा सगळा लगदा ब्लोबॅकमुळे मागे, थेट यंत्रात येतो. हे दुखणं आजचं नाही. विंचेस्टरने १९०३ मध्ये .२२ ची सेमी-ऑटोमॅटिक रायफल काढली तेव्हा .२२ लाँग रायफल हे काडतूस आधीच, १८८७ पासून, बाजारात होतं. तरीही त्यांनी तिच्यासाठी वेगळ्या मापाचं काडतूस बनवलं, कारण जुन्या काडतुसांत काळी दारू भरलेली मिळायची आणि तिच्या काजळीने यंत्र बसून गेलं असतं. लोकांनी चुकूनही ती घालू नयेत म्हणून मापच बदललं. १०/२२ आली १९६४ मध्ये. तोवर धूररहित दारू सगळीकडे रुळली होती, पण मेण आणि शिसं होतं तिथेच आहे.

तर पहिलं काम सफाई. पण त्याआधी रायफल रिकामी करायची. क्रम बदलू नका: आधी मॅगझीन काढायचं, मग बोल्ट मागे ओढून चेंबरमधलं काडतूस बाहेर पडू द्यायचं. उलट केलंत तर बोल्ट मॅगझीनमधलं पुढचं काडतूस चेंबरमध्ये भरून ठेवतो आणि तुम्ही मात्र रायफल रिकामी समजता. या घडणीत शेवटच्या गोळीनंतर बोल्ट आपोआप उघडा राहत नाही, म्हणून "बोल्ट बंद आहे" याला काहीच अर्थ नाही. खिडकीतून करंगळीचं टोक घालून चेंबर चाचपा. काडतुसांची डबी दुसऱ्या खोलीत. ज्या टेबलावर रायफल उघडायची त्या टेबलावर एकही जिवंत काडतूस नको, हा माझा नियम आहे आणि माझ्याकडे शिकायला येणाऱ्या कुणालाही त्यात सूट मिळत नाही.

उघडताना पहिल्यांदा सगळे अडतात ते दस्त्याशी. नळीला पुढे पट्टा असेल तर त्याचा स्क्रू सैल करून तो सरकवून काढा. मग खालचा एकुलता एक मोठा स्क्रू. तो निघाला तरी रिसीव्हर दस्त्यातून वर येत नाही, कारण सेफ्टीचं बटण एका बाजूला बाहेर आलेलं असतं आणि ते लाकडात अडकतं. बटण अर्ध्यावर, दोन्ही बाजूंना सारखं राहील असं आणून ठेवायचं, मग रिसीव्हर अलगद उचलला जातो. हे न कळल्यामुळे दस्त्याच्या आतल्या कडेचे टवके उडालेल्या किती रायफली मी पाहिल्या असतील! रिसीव्हर बाहेर आला की दोन आडव्या पिनांवर ट्रिगरचा अख्खा संच असतो. पिना बऱ्याचदा नुसत्या बोटाने ढकलून निघतात, कधी कधी न सांगताच पडतात, म्हणून खाली फडकं पसरा. मागची जाड पिन बोल्ट थांबवणारी, ती नंतर. ती निघाली की रिसीव्हर उलटा धरून बोल्टचं हँडल पूर्ण मागे ओढायचं आणि बोल्ट वर उचलून काढायचा. हँडलच्या दांडीवर स्प्रिंग असते, ती सुटून उडू शकते. डोळ्यांवर चष्मा ठेवा. ट्रिगरचा संच आणखी खोलू नका, गरज नाही.

परत जोडताना एकच गोम. ट्रिगरचा संच बसवण्याआधी हॅमर (ट्रिगर ओढला की फायरिंग पिनवर आपटणारा भाग) चढवलेला हवा, नाहीतर तो बोल्टच्या आड येतो आणि पिना ओळीत येत नाहीत. पिना बसत नसतील तर हातोडी शोधू नका, हॅमर पाहा.

आता घासायचं काय? इथे लोक उलटं करतात. नळी चकाचक करतात आणि चेंबरकडे बघतही नाहीत. नळीतून तासन्‌तास ब्रश फिरवायची .२२ ला गरज नसते. गोळी साध्या शिशाची असली की नळीत तांबं बसत नाही, त्यामुळे तांबं काढणारी जहाल द्रावणं कशाला? सौम्य द्रावणात भिजवलेल्या दोन-तीन चिंध्या आणि मग कोरड्या चिंध्या, इतकं बहुतेक वेळा पुरतं. शिवाय सफाईनंतर पहिल्या काही गोळ्या भरकटतात, नळीच्या अंगाला पुन्हा मेणाचा हात बसेपर्यंत. स्पर्धेच्या आदल्या रात्री नळी लखलखीत करणाऱ्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी हे समजतं.

या घडणीत रिसीव्हर मागून बंद असतो, त्यामुळे सळई मागून घालता येत नाही आणि लोक ती पुढून, नळीच्या तोंडातून घालतात. इथे सावध. नळीच्या तोंडाची आतली कड, जिला क्राउन म्हणतात, हा गोळीचा नळीला शेवटचा स्पर्श असतो. सळई तिथे एका बाजूला घासत राहिली की ती कड झिजते आणि गोळी बाहेर पडताना मागचा वायू एकाच बाजूने आधी निसटतो. गोळीला तिरका धक्का बसतो. म्हणून मी खिडकीतून आत घालून पुढे ओढायची लवचिक दोरी वापरतो. सळईच वापरायची तर तोंडावर बसणारी पितळी किंवा प्लास्टिकची मार्गदर्शक टोपी लावा. काही जण रिसीव्हरच्या मागे भोक पाडून घेतात. काही नव्या रिसीव्हरना ते कारखान्यातूनच असतं, तेव्हा उत्तम. नंबर असलेल्या भागावर घरी ड्रिल चालवायला माझी ना आहे.

खरी मेहनत चेंबरवर करा. पुंगळीचं तोंड जिथे संपतं तिथे राखेचं एक कडक कडं जमतं. काशाचा छोटा ब्रश द्रावणात बुडवून चेंबरमध्ये गोल फिरवा, दहा मिनिटं थांबा, पुन्हा फिरवा. मग बोल्टचं तोंड: पुंगळीची कड बसते तो खोलगट भाग जुन्या टूथब्रशने. आणि एक्स्ट्रॅक्टरच्या नखीखाली लाकडी टूथपिक घालून बाहेर ओढा. आतून काळ्या मेणाची वळी निघेल. वापरलेल्या रायफलीत मी ती वळी भाताच्या शिताएवढी निघालेली पाहिली आहे. इतकी घाण असल्यावर नखी पुंगळीला पूर्ण पकडणार कशी? निम्म्या अडकणाऱ्या रायफली माझ्या टेबलावर या टूथपिकनेच बऱ्या झाल्या आहेत.

तेल कमी. फारच कमी. बोल्टच्या बाजूंना आणि वरच्या पाठीला बोटाने पुसल्यासारखा हात, स्प्रिंगच्या दांडीला एक थेंब. फायरिंग पिनच्या खाचेत कोरडं ठेवा. तिथलं तेल थंडीत दाट होतं, राखेशी मिसळून खीर होते, मग पिन दमाने आपटत नाही आणि काडतुसाच्या कडेवर फिका ठसा उमटून ते फुसकं राहतं. ट्रिगरच्या संचातही तसंच: फवारा मारून तेल ओतलेलं दिसलं की मला कळतं, की मालक प्रेमळ आहे आणि रायफल लवकरच अडकणार आहे. प्लास्टिकच्या भागांवर ब्रेक-क्लीनरसारखे जोरकस फवारे नकोत, काही प्लास्टिकं त्याने पांढरी पडतात.

मग मॅगझीन. दहा काडतुसांचं ते गोल फिरणारं मॅगझीन या रायफलीचा सगळ्यात हुशार भाग आहे. प्रत्येक काडतूस फिरकीच्या आपापल्या खाचेत बसतं, त्यामुळे कडा एकमेकींत अडकत नाहीत. पण त्यात मेण साठतं आणि फिरकी जड होते. खोलायचं असेल तर आधी एका बाजूने फोटो काढा, मागची टोपी बोटांनी घट्ट धरूनच पुढचा स्क्रू काढा, कारण टोपी सुटली की स्प्रिंगचा पीळ उतरतो आणि मग किती वेढे होते हे आठवत बसावं लागतं. आत तेल अजिबात नको, फक्त पुसायचं. आणि मॅगझिनांवर पेनाने एक, दोन, तीन असे आकडे टाका. अडकलं की आकडा लिहून ठेवा. दरवेळी तीन नंबरच अडकत असेल तर रायफलीला हात लावायचं कारणच नाही.

काडतूस. मी नेहमी वेगवेगळ्या बनावटीची चार-पाच डब्या काडतुसं आणायला सांगतो आणि लोकांचे चेहरे पडतात, कारण जाड नळी मागवणं जास्त रंजक असतं. पण .२२ ला आवडनिवड असते, त्याला इलाज नाही. ४० ग्रेनची, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅमची, स्टँडर्ड वेगाची गोळी नळीतून साधारण ३२५ मीटर प्रतिसेकंद वेगाने निघते, ध्वनीपेक्षा किंचित कमी. हाय-व्हेलॉसिटी ३७५ च्या पुढे. ती आधी ध्वनीच्या वर असते आणि वाटेत खाली येते, आणि तो उंबरठा ओलांडताना गोळी थोडी डगमगते. म्हणून नेमबाजी करणारे हळू काडतूस पसंत करतात. पण तुमच्या रायफलीच्या बोल्टला आणि स्प्रिंगला हळू काडतुसाचा धक्का पुरेलच असं नाही. म्हणजे नेमकेपणासाठी एक काडतूस आणि न अडकण्यासाठी दुसरं, असा तिढा पडू शकतो. सफाई केल्यावर तोच बऱ्याचदा सुटतो. एका बनावटीतून दुसरीवर जाताना पहिल्या दहा-पंधरा गोळ्या मोजू नका, नळीतलं मेण बदलायला तेवढा वेळ लागतो. आणि डबीवरचा लॉट नंबर लिहा. एकाच नावाचे दोन लॉट दोन वेगळ्या भावंडांसारखे वागतात.

आता दुसरी तक्रार, विखुरलेल्या गोळ्या. दस्त्याचा तो एकुलता एक स्क्रू लक्षात आहे ना? पूर्ण यंत्र त्या एका स्क्रूवर लाकडाला धरलेलं असतं. तो सैल झाला की प्रत्येक गोळीला रिसीव्हर वेगळ्या जागी बसतो. फार आवळला तर लाकूड दबतं आणि रिसीव्हर ॲल्युमिनियमचा असल्याने आटे निघून येतात. माझ्या हातून एकदा आले आहेत. किती आवळलं ते मोजणारा पाना नव्हता, "अजून एक चिमूट" म्हणून फिरवला आणि स्क्रू अचानक हलका झाला. तो हलकेपणा बोटांना अजून आठवतो. लाकडी दस्त्यात मी १५ ते २० इंच-पौंडांत, म्हणजे साधारण १.७ ते २.३ न्यूटन-मीटरमध्ये थांबतो, टॉर्कचा पाना वापरून. तुमच्या दस्त्याच्या उत्पादकाने वेगळा आकडा दिला असेल तर तो पाळा. लाकूड दमट हवेत फुगतं, कोरड्यात आकसतं, म्हणून ऋतू बदलला की हा स्क्रू पुन्हा तपासायचा.

नळी रिसीव्हरमध्ये आट्यांनी नाही तर इंग्रजी व्हीच्या आकाराच्या एका ठोकळ्याने आणि दोन स्क्रूंनी ओढून धरलेली असते. ते दोन्ही थोडे थोडे, आळीपाळीने आवळायचे. एक पूर्ण आणि मग दुसरा असं केलं तर नळी वाकडी ओढली जाते. मग दुर्बिणीचे बेस, मग कड्यांचे स्क्रू. बेस काढून त्याखालचे स्क्रू पाहिल्याशिवाय "दुर्बीण घट्ट आहे" म्हणू नका. आणि दुर्बीण कोणती आहे? .२२ साठी बनवलेल्या दुर्बिणींचं पॅरॅलॅक्स बहुधा ५० यार्डांवर बसवलेलं असतं, मोठ्या रायफलींच्या दुर्बिणींचं १०० वर. शंभरवाली लावून पन्नासवर नेम धरलात तर डोळा जरा हलला की काटा लक्ष्यावर सरकतो, आणि दोष नळीला लागतो.

हे सगळं झालं की मोजा. पुढे वाळूची पिशवी, मागे पिशवी, ५० मीटर, एकाच लॉटच्या पाच-पाच गोळ्यांचे पाच ग्रुप. तीन गोळ्यांचा एखादा सुंदर ग्रुप खिशात घेऊन फिरणारे मित्र मलाही आहेत. तो ग्रुप नशिबाचा असतो. ५० मीटरवर एक मिनिटाचा कोन, म्हणजे अंशाचा साठावा भाग, म्हणजे साडेचौदा मिलिमीटर. साध्या नळीच्या रायफलीने चांगल्या काडतुसावर पाचही ग्रुप ३० मिलिमीटरच्या आसपास दिले तर ती निरोगी आहे असं मी धरतो. पाचही कागद तारीख घालून फायलीत. ही तुमची आधाररेषा. यापुढचा प्रत्येक बदल हिच्याशी ताडायचा, आणि एका वेळी एकच.

आता तुमची यादी घेऊ.

बफर. मूळची स्टीलची पिन काढून त्या जागी पॉलिमरची. बोल्ट मागे आपटल्याचा खणखणाट कमी होतो, रिसीव्हरला मार कमी बसतो. स्वस्त, निरुपद्रवी, दहा मिनिटांचं काम. ग्रुप लहान होईल ही अपेक्षा मात्र ठेवू नका.

एक्स्ट्रॅक्टर तुमच्या यादीत नाही, पण सफाईनंतरही पुंगळी अडकत राहिली आणि काडतूस बदलूनही फरक पडला नाही, तर पहिला बदल तोच. धारदार नखीचा तयार एक्स्ट्रॅक्टर मिळतो. बोल्ट घासून हलका करणं किंवा स्प्रिंग कापणं हे मात्र कदापि नाही. या रायफलीत चेंबर बंद ठेवणारं दुसरं काहीच नाही हे वर सांगितलंच आहे.

ट्रिगर. कारखान्यातून येणाऱ्या ट्रिगरला बहुधा पावणेतीन किलोच्या आसपास ओढ लागते. रायफलीचं स्वतःचं वजन जवळपास तेवढंच, मग नेम हलणारच. सव्वा किलोच्या आसपासचा, कारखान्यात जुळवलेला अख्खा ट्रिगर संच बसवला की फरक लगेच जाणवतो. तुमच्या यादीतून मला एकच वस्तू निवडायला सांगितली तर मी हीच निवडेन. पण तयार संचच. सिअर (चढवलेला हॅमर अडवून धरणारी कळ) आणि हॅमरच्या टोकांवर घरी कानस किंवा पॉलिश पेपर नको. तिथला कोन केसभर बिघडला तर रायफल धक्क्याने सुटू शकते, किंवा एका ओढीत दोन गोळ्या सुटू शकतात. दुसरा प्रकार धोकादायक तर आहेच, पण कायद्याच्या नजरेत ती मग वेगळ्या जातीचं हत्यार ठरू शकते, तुमचा हेतू काहीही असो. एका ओढीत दोन गेल्याचं कधी जाणवलं तर तिथेच थांबा, रिकामी करा, कारागिराकडे न्या. नवा संच बसवल्यावर रिकाम्या रायफलीवर तपासा: सेफ्टी लावून ट्रिगर ओढा, सोडा, मग सेफ्टी काढा, हॅमर पडता कामा नये. बोल्ट जोरात पाच-सहा वेळा बंद होऊ द्या, हॅमर पडता कामा नये. पहिल्यांदा मैदानावर मॅगझीनमध्ये एकच काडतूस, मग दोन, मग भरलेलं.

नळी सगळ्यात शेवटी. ती बदलली की दस्ताही बदलावा लागतो, कारण जाड नळी जुन्या खाचेत मावत नाही. शिवाय ॲल्युमिनियमच्या रिसीव्हरवर एवढं वजन पुढे लोंबतं, त्याला खाली आधार द्यावा लागतो. चेंबरचं मापही विचारून घ्या. स्पर्धेच्या घट्ट चेंबरमध्ये काडतूस बसताना गोळी पुढे नळीच्या आतल्या पिळाच्या खाचांत रुतते, नेम सुधारतो. पण न झाडलेलं काडतूस बाहेर काढताना कधी गोळी नळीतच राहते आणि दारूचे कण यंत्रात सांडतात. सेमी-ऑटोमॅटिकसाठी बेंट्झ मापाचं चेंबर हा मधला मार्ग आहे आणि माझा कौल त्यालाच. बसवल्यावर हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्ट आणि चेंबरची कड यांच्यात पुंगळीच्या कडेसाठी उरणारी जागा, गनस्मिथकडून गेजने तपासून घ्या. .२२ मध्ये ते पुंगळीच्या कडेच्या जाडीवर, सुमारे १.१ मिलिमीटरवर, मोजलं जातं. इथे अंदाज चालत नाही.

दस्त्याबद्दल फार लिहीत नाही. तो तुमच्या अंगाला बसला पाहिजे, गाल ठेवला की डोळा आपोआप दुर्बिणीच्या मधोमध यायला हवा. तसा येत नसेल तर आधी गालाखाली फोमची पट्टी चिकटवून उंची शोधा, मग दस्ता विकत घ्या.

झाडताना दोन गोष्टींवर लक्ष असू द्या. आवाज नेहमीपेक्षा बोदा आला, "फट्"ऐवजी "फुस्स", तर पुढची गोळी मुळीच झाडू नका. गोळी नळीत अडकलेली असू शकते आणि मागून दुसरी गेली तर नळी फुगते. रायफल रिकामी करा, बोल्ट बंद करा आणि पुढून सळई घालून पाहा. घरीच, रिकाम्या रायफलीत सळई बोल्टपर्यंत जाते तिथे टेपची खूण करून ठेवलेली असली की हे दहा सेकंदांत कळतं. दुसरं, बोल्ट पूर्ण बंद झाला नाही तर त्याला अंगठ्याने ढकलून बसवू नका. अर्धवट बसलेलं काडतूस सुटलं तर पितळ खिडकीतून चेहऱ्याकडे येतं. चष्मा त्यासाठीच. आणि काडतूस फुसकं वाटलं तर नळी लक्ष्याकडेच ठेवून अर्धा मिनिट थांबा, मग बोल्ट उघडा.

हात साबणाने धुतल्याशिवाय खाऊ-पिऊ नका. तुमच्या बोटांवरच्या त्या काळ्या मळात शिसं असतं, आणि प्राइमरच्या राखेतही बहुधा शिसं असतं. सफाईच्या चिंध्या स्वयंपाकघरातल्या कचऱ्यात टाकू नका.

ठेवताना रायफल फोमच्या पेटीत ठेवू नका, फोम ओल धरतं. कुलूपबंद कपाटात, काडतुसं वेगळ्या कुलपात, आणि जमलं तर नळीचं तोंड खाली करून उभी. तोंड वर असलं की तेल ओघळत ट्रिगरमध्ये आणि दस्त्याच्या लाकडात उतरतं. तेलाने भिजलेलं लाकूड मऊ पडतं आणि मग तो १५ इंच-पौंडांचा स्क्रू महिन्याभरात पुन्हा सैल झालेला सापडतो.